मनगट पुन्हा पुन्हा दुखावतंय, एक्स-रे मात्र नॉर्मल

ढोलकरी
नमस्कार मंडळी. उजव्या मनगटाबद्दल विचारायचंय. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

काही वर्षांपूर्वी पावसात नाशिकच्या त्र्यंबक रोडला गाडी घसरली आणि मी तळहातावर पडलो. दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे, नुसतं मुरगळलंय, असं सांगून क्रेप बँडेज आणि गोळ्या दिल्या. सूज उतरली, कामाला लागलो. पुढे क्रिकेट खेळताना झेलासाठी झेपावलो तेव्हा तोच हात अंगाखाली आला. पुन्हा बँडेज. यंदा रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा (उडी) मारताना काठावर हात आपटला आणि तेव्हापासून दुखणं जायचं नाव घेत नाही.

कामाला अंबड एमआयडीसीत, सीएनसी मशीनवर. पाना आवळला की कळ येते. भरलेली बादली आता डाव्या हातानेच उचलतो. हात नुसता ठेवला तर काही दुखत नाही, पण खुर्चीच्या हातावर भार देऊन उठायला गेलो की जीव जातो. गणपती जवळ येतायत, पथकाचा सराव सुरू झालाय.

हाड मोडलेलं नाही तर इतकं दुखतं कशाने? एमआरआयचा खर्च करावा का? आणि यंदा ढोल बांधू की नको?

पंचवटीकर
भाऊ, जुनी लचक अशीच त्रास देते. आमच्याकडे आंबेहळद, तुरटी, रक्तबोळ उगाळून गरम लेप लावतात आणि रात्रभर बांधून ठेवतात. शिवाय दिंडोरीच्या बाजूला एक हाडवैद्य आहेत, ते हात ओढून बसवतात. माझा खांदा त्यांनीच बसवला. एमआरआयला पैसे घालण्याआधी एकदा जाऊन ये.

सातपूरकर
एमआरआय कर. विषय संपला.

फिजिओताई
लेपाला माझी हरकत नाही. ऊब मिळते, बरं वाटतं. हात ओढण्याला मात्र आहे, आणि सक्त आहे. आत काय झालंय हे कळल्याशिवाय या मनगटाला कुणालाही ओढू, पिळू किंवा रगडून चोळू देऊ नका.

एमआरआयच्याही आधी एक गोष्ट करा. नेमकं कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवता येतं का बघा. "सगळं मनगट दुखतं" असं सांगणाऱ्यांतले बरेच जण नीट विचारलं की एका जागी बोट ठेवतात.

अंगठा ताठ वर उचलला की त्याच्या मुळाशी दोन शिरांच्या, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, मध्ये खळगा पडतो. त्यात दाबल्यावर दुखलं तर स्कॅफॉइड नावाच्या हाडाकडे बघावं लागतं. करंगळीच्या बाजूला दुखत असेल, म्हणजे ओला कपडा पिळताना, दाराची मूठ फिरवताना, रेटा देऊन उठताना, तर तिथल्या टीएफसीसी या कूर्चेला इजा असू शकते. मनगटाच्या वरच्या बाजूला मधोमध कळ येत असेल तर स्कॅफॉइड आणि त्याच्या शेजारच्या ल्युनेट हाडाला बांधून ठेवणारा अस्थिबंध तपासतात. अंगठा मुठीत घालून मूठ करंगळीकडे झुकवताच अंगठ्याच्या बाजूने कळ गेली तर डी क्वेरवेनचा संशय येतो, त्यात अंगठ्याच्या शिरांच्या आवरणाला सूज असते. आणि रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर कार्पल टनेल. ते हाडाचं नव्हे, दबलेल्या नसेचं दुखणं.

ढोलकरी दादा, तुमचं बोट कुठे जातं?

निफाडची लेक
ताई, तुम्ही डी क्वेरवेनचं लिहिलंत ते वाचून राहवलं नाही. आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड दिसायला लागले की विरळणी येते. छोटी कात्री घेऊन एकेका घडातले मणी मोजून काढायचे, हात डोक्याच्या वर, दिवसभर. माझा अंगठा असा धरला की चहाचा कप उचलवेना. पिंपळगावला दाखवलं. अंगठा आत येईल असा पट्टा दिला, तरी राहिलं म्हणून शेवटी एक इंजेक्शन. तेवढ्यापुरतं छान वाटलं आणि पुढच्या हंगामात दुखणं परत हजर.

मला तर थांबता येतं, बाग घरची आहे. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या ज्या टोळ्या येतात त्यांतल्या बायका मनगटाला चिंधी आवळून बांधतात आणि काम रेटतात. बऱ्याच ठिकाणी उक्तं काम असतं, थांबलं की पैसे बुडाले. मी एकीला पट्टा दिला तर ती म्हणाली, हा बांधून कात्री चालत नाही. खरंच चालत नाही. त्यांना कोणता उपाय सांगायचा ते मला आजही कळत नाही. इथे कुणाला माहीत असेल तर सांगा, मी खरोखर विचारतेय.

ओझरचा बागाईतदार
बॅटरीवरची कात्री घे ताई. एप्रिलच्या खरड छाटणीला आणि गोडी छाटणीला आम्ही तीच वापरतो, माणसांचे हात वाचतात.

निफाडची लेक
दादा, छाटणीला ठीक आहे. विरळणीला काय उपयोग? मण्यांत ती घालणार कशी?

ओझरचा बागाईतदार
हो, विरळणीला नाही चालत. तिथे हातच.

निवृत्त हाडवाला
आयुष्यभर हाडंच बघितली. इथे बसून कुणाचं निदान करणार नाही, पण ढोलकरी यांनी जे सांगितलं ते वाचून गप्प बसवत नाही.

मनगटात 8 लहान हाडं दोन ओळींत असतात. त्यांतलं सगळ्यांत जास्त वेळा मोडणारं हाड म्हणजे स्कॅफॉइड, आणि ते बहुतेक वेळा मोडतं ते पसरलेल्या तळहातावर पडूनच. हाड बसलेलं तिरकं, ताजी चीर केसाएवढी, त्यामुळे पहिल्या दिवसाच्या एक्स-रेत ती न दिसणं नवं नाही. म्हणून नियम असा की त्या खळग्यात दुखत असेल तर एक्स-रे स्वच्छ असला तरी हाताला आधार बांधायचा आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा, किंवा सरळ एमआरआय. पहिला एक्स-रे नॉर्मल म्हणजे हाड नॉर्मल, असा अर्थ काढू नये.

याच हाडाची एवढी काळजी का? त्याला रक्त शिरतं ते बोटांकडच्या टोकाने, आणि तिथून ते उलट्या दिशेने मागे जातं. मध्ये मोड आली की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटू शकतो. मग हाड सावकाश जुळतं, कधी जुळतच नाही, कधी तो तुकडा मृत होतो. न जुळलेलं स्कॅफॉइड काही वर्षं फारसं दुखतही नाही. माणूस काम करतो, खेळतो. मग एखादा छोटासा मार बसतो आणि दुखणं वर येतं. तसंच सोडून दिलं तर मनगटाच्या सांध्याची झीज होत जाते, आणि ती झाल्यावर उपाय फार थोडे उरतात.

ढोलकरी, हातांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या अस्थितज्ज्ञाला दाखवा. एक्स-रे साधा नको. मनगट करंगळीकडे झुकवून काढलेला स्कॅफॉइडचा, मूठ आवळून काढलेला, आणि तुलनेसाठी डाव्या हाताचाही हवा. जुने एक्स-रे घरात असतील तर शोधून न्या.

पंचवटीकर
काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण याला "मुरगळलंय" म्हणून परत पाठवणारे डॉक्टरच होते ना? मग नावं हाडवैद्यालाच का? खेड्यात रात्री-बेरात्री गरिबाला तोच सापडतो आणि तो पैशासाठी अडत नाही.

निवृत्त हाडवाला
तुमचा राग रास्त आहे. पडलेल्या माणसाला "परत दाखवायला या" हे सांगणं उपचारच आहे आणि ते पुष्कळदा राहून जातं, आमच्याच लोकांकडून. हाडवैद्य गावाला धरून राहतात हेही मी पाहिलंय. पण निखळलेला खांदा बाहेरून हाताला लागतो, स्कॅफॉइडची चीर लागत नाही. जे दिसत नाही ते ओढलं तर तुकडे सरकतात. माझी हरकत एवढ्यापुरतीच आहे.

पंचवटीकर
हे पटलं. खांद्याचं आणि मनगटाचं एका मापाने मोजू नये.

घाटवेडी
थोडं विषयांतर. 2015 मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून आपल्याकडे सायकलींना जोर चढला, मीही त्याच लाटेतली. कसारा घाट करून आले की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुन्न पडायचं. मला वाटलं मनगट गेलं. निघालं असं की हँडलवर तळहाताच्या त्या कडेने भार पडून तिथून जाणारी नस दाबली जात होती. सीट जरा मागे झुकवली, हँडल वर घेतलं, गादीचे हातमोजे आणले आणि हाताची जागा सतत बदलत राहिले. गेलं. दुखणं आणि बधिरपणा हे डॉक्टरांना वेगवेगळं सांगायचं, एवढंच मला सांगायचंय.

सातपूरकर
सीट मागे झुकवली तर पुढे कोण झुकणार 😀

घाटवेडी
पुढे कमी झुकायचं म्हणूनच तर ना दादा!

कॉलेज रोडची मावशी
माझं ऐका, विशेषतः बायकांनी. ओट्यापाशी फरशी ओली होती, पाय सरकला, हात टेकला. मनगटाच्या वर हात जेवणाच्या काट्या-चमच्यातल्या काट्यासारखा वाकलेला दिसत होता. कोलीज फ्रॅक्चर. प्लास्टर घातलं, हाड जुळलं आणि मला वाटलं सुटले. पण प्लास्टर काढल्यावर हात लाकडासारखा. भाकरी थापायला तळहात उघडेना. प्लास्टरमध्ये असताना बोटं हलवत राहा, खांदा वर-खाली करत राहा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे फिजिओथेरपीने हळूहळू आला हात.

दुसरं म्हणजे नुसतं उभ्या-उभ्या पडून मनगट मोडलं तर पन्नाशीपुढच्या बाईने हाडांची घनता तपासून घ्यावी, डेक्सा म्हणतात ती. माझी बरीच कमी निघाली. मनगट जुळलं म्हणून गप्प बसले असते तर पुढच्या वेळी खुबा गेला असता.

फिजिओताई
मावशींना शंभर टक्के अनुमोदन. पाळी गेल्यानंतर हाडं झपाट्याने विरळ होतात आणि तसं असल्याचा इशारा बऱ्याच जणींना आधी मनगटच देतं. प्लास्टरच्या काळात बोटं जडच्या जड सुजत असतील, कातडी चमकदार होऊन जाळ होत असेल, दुखणं इजेच्या मानाने फारच जास्त असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायचं.

येवलेकर
माझं करंगळीकडचं होतं, ताईंनी लिहिलंय तसं टीएफसीसी. व्हॉलीबॉल खेळताना पडलो आणि नंतर स्कूटरची रेस पिळली तरी टचकन दुखायचं. एमआरआयमध्ये कडेला फाटलेलं दिसलं. डॉक्टरांनी सांगितलं की या कूर्चेच्या कडेला रक्त पोचतं म्हणून कडेची फाट शिवता येते, मधल्या भागाला पोचत नाही, तिथे फाटलेला भाग साफ करतात. आधी पट्टा आणि व्यायामावर ठेवलं. नाही भागलं तेव्हा दुर्बिणीतून शिवलं. आता पिळायची कामं होतात.

आमच्या गल्लीत पैठणीचे माग आहेत. विणकरांची मनगटं आणि माना दोन्ही बोलतात, पण दवाखान्यात जातं कोण?

ढोलकरी
सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे अंगठा उचलून खळग्यात दाबलं. तिथेच! बाकी कुठे दाबलं तरी काही नाही, तिथे दाबलं की डोळ्यांत पाणी. काका, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, तिने त्याच दिवशी नंबर लावला. गंगापूर रोडला दाखवायला जातोय, कपाटातला जुना एक्स-रेही सापडलाय.

सातपूरकर
आता खर्चाचं. मघाशी एका ओळीत बोललो, आता नीट लिहितो. तुझा ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापतात का? महिना 21,000 पर्यंत पगार असेल तर कापायलाच हवा. तसं असेल तर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयातून सुरुवात कर, तपासण्या तिथून लिहून मिळतात. आणि हात बांधून घरी बसायची वेळ आली तर आजारपणाचा लाभ असतो, वर्षाला 91 दिवसांपर्यंत, पगाराच्या 70 टक्के. त्यासाठी हप्ते नीट भरलेले लागतात, कंपनीत एचआरकडून आधीच खात्री करून घे. ईएसआय नसेल तर जन आरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचार. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ने. लोक पैशाच्या भीतीने हात तसाच वापरतात, आणि पुढे कामच सुटतं. आमच्या खात्यात पाहिलंय मी.

निफाडची लेक
दादा, हे टोळीतल्या बायकांना लागू होतं का?

सातपूरकर
ईएसआय नाही ताई, शेतमजुरी त्यात येत नाही. जन आरोग्य योजनेचं मात्र नक्की विचारायला लाव.

पथकातला जुना
ढोलकरी, आपण बहुतेक एकाच चौकात वाजवतो. बाकीच्यांनी औषध सांगितलं, मी ढोलाचं सांगतो. नवीन पोरं टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, मुठीत गच्च आवळतात आणि सगळा घाव मनगटाने मारतात. टिपरू सैल धरायचं, घाव कोपरातून आणि खांद्यातून आला पाहिजे, मनगट फक्त वळण देतं. दुसऱ्या बाजूला थापीचा हातही तसाच. ढोल कमरेला खाली-वर बांधला गेला तर मनगट वाकडं राहून मार खातं. सरावात मध्ये मध्ये ढोल सोडायचा. हे सगळं पाळलंस तर यंदा हळूहळू वाजवायला काय हरकत आहे? पथकात कितीतरी जण दुखऱ्या हाताने वाजवतात.

फिजिओताई
धरण्याची रीत तुम्ही अचूक सांगितलीत, मी माझ्या पेशंटना हेच दाखवते. शेवटच्या वाक्याला मात्र ठाम विरोध. दुखऱ्या हाताने वाजवणं आणि मोडलेल्या हाडाने वाजवणं यात फरक आहे, आणि आत्ता आपल्याला माहीत नाही यातलं काय आहे. ते कळेपर्यंत ढोल नाही.

पथकातला जुना
ताई, गणपतीत वाजवायला न मिळणं काय असतं ते वाजवणाऱ्यालाच कळतं.

फिजिओताई
कळतं दादा. म्हणूनच पुढची वीस वर्षं वाजवता यावं असं वाटतं.

ढोलकरी
जाऊन आलो. एक्स-रेत चीर स्पष्ट दिसली, सीटी स्कॅनमध्ये तर स्वच्छच. स्कॅफॉइड मधोमध मोडलेलं आणि जुळलेलंच नाही. कडा गुळगुळीत झाल्यात, म्हणजे मोड जुनी. डॉक्टरांच्या मते पहिल्या पडण्यातलीच. रक्त पोचतंय का बघायला एमआरआयही केला, मागचा तुकडा जिवंत आहे. सांध्याची झीज अजून सुरू झालेली नाही.

ऑपरेशन सांगितलंय. कमरेच्या हाडातला थोडा भाग काढून तिथे भरायचा आणि स्क्रू बसवायचा. घरचे म्हणतात आत्ता चाललंय तर हात लावू नये. काका, तुम्ही काय म्हणाल?

निवृत्त हाडवाला
तुमचे डॉक्टर अंतिम शब्द. पण घरच्यांना हे वाचून दाखवा. तुकडा जिवंत आहे आणि झीज नाही, म्हणजे हाड जुळवायची सगळ्यांत चांगली वेळ हीच. झीज सुरू झाल्यावर हाड जुळवून भागत नाही, मग काही हाडं काढून टाकणं किंवा ती एकमेकांना कायमची जोडून टाकणं, अशा शस्त्रक्रिया उरतात आणि मनगटाची हालचाल कमी होते. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

ऑपरेशननंतर घाई नको. हाड जुळायला काही महिने लागतात, आणि जुळलं की नाही हे दुखणं थांबण्यावरून ठरवायचं नाही, पुन्हा सीटी काढून ठरवायचं. तंबाखू, सिगारेट, मिश्री काही असेल तर आजपासून बंद. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात आणि हाड जुळायचं राहतं. या एका कारणाने चांगली झालेली ऑपरेशनं फसलेली मी पाहिली आहेत.

ढोलकरी
सिगारेट नाही काका. पुडी आहे. आजपासून बंद.

कॉलेज रोडची मावशी
शाब्बास पोरा. आणि बोटं हलवत राहा हं, प्लास्टरमध्ये!

पथकातला जुना
ताईंचं खरं निघालं, मी बोललो ते मागे घेतो. ढोलकरी, यंदा तुला ढोल नाही आणि ध्वजही नाही, तोही मनगटानेच फिरतो. झांजही नको. शिट्टी घे, पुढे राहून पथक चालव. ताल बदलायची खूण डाव्या हाताने कर. सरावाला रोज यायचं.

ढोलकरी
येतो दादा. तारीख गणपतीच्या आधीची मिळाली तर हात गळ्यात अडकवून येईन.

निफाडची लेक
ढोलकरी दादा, लवकर बरे व्हा. फिजिओताई, माझा प्रश्न राहिला. विरळणीच्या बायकांना नेमकं काय सांगू?

फिजिओताई
विसरले नाही, विचार करत होते. काम थांबवा सांगून उपयोग नाही, म्हणून करता येण्यासारखं सांगते. कात्रीला चांगली धार आणि हलकी स्प्रिंग, रोज सकाळी बघायची. बोथट कात्री अंगठ्याला दुप्पट मेहनत करायला लावते. दांड्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की पकड जाड होते आणि कमी आवळावं लागतं. घड डोक्याच्या वर असतील तर पायाखाली पाट किंवा क्रेट, म्हणजे मनगट वाकडं राहत नाही. ज्यांना जमतं त्यांनी एक ओळ उजव्या हाताने, एक डाव्याने. विरळणी आणि दुसरं काम दिवसात आलटून पालटून द्यायचं, हे मालकांच्या हातात आहे, म्हणजे तुमच्या. पट्टा कामात नको, रात्री झोपताना बांधायचा. आणि अंगठ्याच्या बाजूला सूज दिसली की लगेच दाखवायचं. तेव्हा पट्टा आणि एखादं इंजेक्शन पुरतं. तीच ती इंजेक्शनं वारंवार घेतली तर शीर कमजोर होते. मधुमेह असेल तर इंजेक्शनआधी डॉक्टरांना सांगायचं, काही दिवस साखर वाढते.

ओझरचा बागाईतदार
क्रेट आमच्याकडे पडून आहेत, यंदा बागेत ठेवतो. ट्यूबचंही करून बघतो. कात्र्यांना धार लावणारा माणूस ओझरच्या बाजारात बसतो ताई, हवा तर पाठवतो तुमच्याकडे.

निफाडची लेक
पाठवा दादा, गोडी छाटणी उरकली की लगेच.